लातूरहून देवबागच्या खाडीत गळ टाकायला

लातूरहून मालवणचा समुद्र सुमारे पाचशे किलोमीटर. आमच्याकडे मासेमारी म्हणजे मांजरा, तेरणा, फार तर पैठणचं नाथसागर आणि मासा म्हणजे मरळ, वाम, शिवडा, कटला. भाड्याची बोट करून, रॉड घेऊन खाऱ्या पाण्यातले किनाऱ्यालगतचे दणकट मासे धरायला जायचं म्हटलं, तर आमच्या भागातल्या माणसाला धड माहितीच मिळत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मी आणि माझे मामा मालवणजवळ देवबागला जाऊन आलो. कुणाला काय विचारायचं, तारीख कशी धरायची, पैसे किती लागतात, हे मला ज्या क्रमाने कळत गेलं त्याच क्रमाने लिहितोय.

मामा तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. गळ बांधायला मला त्यांनीच शिकवलं. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण आटलं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं. त्या वर्षी त्यांनी गळ-दोरीचा डबा माळ्यावर टाकला. पुढे धरण भरलं, पण ते काठावर काही गेले नाहीत. २०२४ च्या दिवाळीत जेवताना म्हणाले, "समुद्राचा मासा गळाला कसा वडतो ते एकदा बगायचं राहिलं बघ." मग मी फोन लावायला सुरुवात केली.

डिसेंबरचा पहिला पंधरवडा फोनमध्येच गेला. अशा सहलींचे दोन प्रकार असतात. एक खोल समुद्रातली. पहाटे निघायचं, तास-दोन तास नुसतं बाहेर जायचं, सुरमई-टूनाच्या मागे अख्खा दिवस घालवायचा. मला सांगितलेला आकडा वीस हजारांच्या पुढे होता. दुसरी किनाऱ्यालगतची, म्हणजे खाडी, खाडीचं मुख आणि किनारा दिसत राहील इतक्या अंतरावरचे खडक. इथे तांबोशी, जिताडा, गोब्रा, ट्रेव्हॅली, बाराकुडा, क्वीनफिश असे मासे मिळतात. अर्ध्या दिवसाचे तेव्हा सहा-सात हजार. जिताड्याला मालवणकडे चोणक म्हणतात, फोनवर बोलताना तेच नाव घ्या. पहिल्यांदाच जाणाऱ्याने, त्यातही सोबत वयस्कर माणूस असेल तर, डोळे झाकून खाडी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. खाडीत बोट फारशी डोलत नाही, मासा जवळ असतो आणि नाहीच जमलं तर वीस मिनिटांत काठावर येता येतं.

१८ डिसेंबरला मुंबईत गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या नीलकमल बोटीचा अपघात झाला. टीव्हीवर तेच चालू होतं. मामीने त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं, "त्यांना पोहता येतं ते नदीत. तुम्ही काय जाऊ नका." तिचं म्हणणं चूक नव्हतं. त्या रात्री मी वहीत प्रश्न लिहून काढले आणि पुढचा प्रत्येक फोन वही समोर ठेवून केला. बोटीला प्रवासी नेण्याचा परवाना आहे का? मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय विभागाचा असतो. पर्यटक बसवायचे तर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयाचा परवाना लागतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फोनवर त्या बऱ्याचदा एक करून सांगितल्या जातात. लाइफ जॅकेट प्रत्येकाला मिळतं का आणि पूर्ण वेळ घालायला लावता का? बोटीची क्षमता किती, तुम्ही बसवता किती? दुसरं इंजिन आहे का? वारा फिरला तर पैसे परत की पुढची तारीख? मासा सोडून द्यायचा असेल तर चालेल का?

एका ठिकाणी परवान्याचं विचारल्यावर "आमच्याकडे सगळं असतं हो" एवढंच उत्तर आलं आणि लगेच पूर्ण रक्कम आगाऊ मागितली. तो नंबर मी खोडला. देवबागच्या एका तांडेलांनी (तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख) मात्र न मागता परवान्याचा फोटो पाठवला, वर स्वतःच विचारलं, "मामांना बीपीची गोळी चालू आहे काय? डॉक्टरांना विचारून घ्या." तिथेच ठरलं. एका सकाळचे साडेसहा हजार, त्यात रॉड, रीळ, आमिषं, पाणी सगळं आलं. तीन हजार आगाऊ यूपीआयने दिले. पावती मागितली, त्यांनी वहीच्या पानावर लिहून, सही करून फोटो पाठवला. परवान्याचा आणि जॅकेटांचा फोटो मी मामीलाही पाठवला. दोन दिवसांनी तिचा होकार आला.

तारीख हा खरा कळीचा मुद्दा निघाला. खाडीतला मासा पाणी चढतं-उतरतं तेव्हा खातो, पाणी थांबलं की तोही थांबतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी फार जोरात येतं आणि खाडी गढूळ होते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी जेमतेम हलतं. तांडेल म्हणाले, मधल्या तिथी बघा, आणि भरती सकाळी आठ-नऊला संपेल अशी बघा. त्यासाठी त्यांनी कोकणातला जुना ठोकताळा सांगितला: तिथीला तीनाने गुणा आणि चाराने भागा, आलेला आकडा म्हणजे भरतीची साधारण वेळ. एकादशीला अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार, म्हणजे सव्वाआठ. द्वादशीला नऊ. घरातलं कालनिर्णय काढून मामांनी स्वतः हिशोब केला. आयुष्यभर पेरणीला नक्षत्रं बघणाऱ्या माणसाला हे फार भावलं; त्या दिवसापासून ते रोज सकाळी आज मालवणला भरती किती वाजता ते मला फोनवर सांगायचे. नेमकी वेळ ठिकाणानुसार मागेपुढे होते, म्हणून शेवटची वेळ तांडेलच ठरवतात. पण फोन करण्याआधी तारखा चाळायला हा ठोकताळा उत्तम.

माघ शुद्ध एकादशी ८ फेब्रुवारीला, शनिवारी येत होती, द्वादशी रविवारी. अडचण दोन्हीकडून होती. मी शिक्षक. बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीपासून, त्यात माझी पर्यवेक्षणाची ऑर्डर. सोमवारी केंद्रावरच्या बैठकीला हजर राहणं भाग. म्हणजे गुरुवारी रात्री निघायचं, शुक्रवार-शनिवारची किरकोळ रजा आणि रविवारी दुपारी परतीची वाट. २० जानेवारीला अर्ज दिला, त्यातच मुख्यालय सोडण्याची परवानगी मागितली. आठवडाभर उत्तर नाही. मुख्याध्यापकांना परीक्षेच्या तोंडावर रजा द्यायची नव्हती आणि त्यांच्या जागी मीही कचरलो असतो. शेवटी परतीच्या तिकिटाची प्रत जोडून "सोमवारी सकाळी हजर राहीन" असं लेखी दिलं, तेव्हा २९ तारखेला मंजुरी मिळाली. सरकारी नोकरीत असाल तर परतीचं आरक्षण आधी करा, अर्ज नंतर द्या.

दुसरी अडचण मामांची. ते एकादशी धरतात. "एकादशीला जीव घ्यायचा नाही" हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. तांडेलांना विचारलं तर ते म्हणाले, शनिवारचे सगळे मासे सोडून देऊ, रविवारी एखादा ठेवू. प्रश्न मिटला.

जानेवारीभर तयारी. मरळीसाठी वापरतो तो रॉड घेऊन रविवारी नागझरी बॅरेजकडे जायचो, गळ न लावता नुसतं शिशाचं वजन बांधून फेकायची सवय करायचो. (आपल्याकडच्या बहुतेक तलावांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. गळ लावून बसायचं असेल तर आधी त्यांना विचारा.) मामांना रिळाची सवय नव्हती, त्यांची सगळी हयात हातदोरीत गेलेली. अंगठ्याने दोरा धरून सोडायची वेळ जमायला त्यांना महिना लागला. सामान नवं घेऊ नका, बोटीवर मिळतं. मी फक्त दोन टोप्या, लांब बाह्यांचे शर्ट, पाण्यावरची चकाकी मारणारे दोन चष्मे आणि एक लांब पक्कड घेतली. सगळे मिळून अडीच हजार. माझा एक रॉड नेला, तो नळाच्या पीव्हीसी पाइपमध्ये दोन्हीकडे टोपण लावून. प्लंबरने तीनशे रुपये घेतले.

६ फेब्रुवारीला रात्री लातूर-कोल्हापूर एसटी. २५ जानेवारीपासून भाडेवाढ झालेली, तरी मामांना पासष्ट वर्षांपुढची अर्ध्या तिकिटाची सवलत असल्याने मालवणपर्यंत दोघांचे साधारण तेराशे रुपये झाले. मूळ आधारकार्ड जवळ ठेवा. पाइप बघून वाहकाने "यात काय आहे?" विचारलं, उघडून दाखवला, मग त्यांनी स्वतःच तो मागच्या सीटखाली आडवा लावून दिला. कोल्हापूरला सकाळी चहा, मग राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली आणि तिथून मालवण. घाट उतरायला लागल्यावर हवा बदलते, अंग चिकट होतं. मामांनी स्वेटर काढून पिशवीत घातला तो परतीला कोल्हापूर येईपर्यंत काढला नाही.

दुपारी देवबागला पोचलो. घरगुती निवास, रात्रीचे पंधराशे, जेवण वेगळं. संध्याकाळी तांडेलांनी बोट दाखवली. हा टप्पा चुकवू नका. सकाळच्या अंधारात कुणी काही तपासत नाही. बोटीच्या अंगावर क्रमांक आणि क्षमता रंगवलेली होती, जॅकेटांचे पट्टे धड होते, इंजिन त्यांनी चालू करून दाखवलं. वहीत आमची नावं, वय, फोन, घरच्यांचा फोन लिहून घेतले, आधारच्या प्रती घेतल्या. मामांनी तोवर किनाऱ्यावर जाऊन पाणी ओंजळीत घेऊन चाखलं होतं. "खारट म्हंजे काय, जिबेला झोंबतंय," एवढंच बोलले आणि कितीतरी वेळ लाटांकडे बघत उभे राहिले.

शनिवारी निवासाच्या ताईंनी मामांसाठी भगर आणि शेंगदाण्याची आमटी करून दिली. उजाडता उजाडता, पावणेसातला बोट कर्ली नदीच्या खाडीत शिरली. दोन्ही काठांना कांदळवन, पाणी मुळांपर्यंत चढलेलं, काठावरून गार मतलई वारा. तांडेलांनी इंजिन बंद केलं आणि बांबूने बोट सरकवायला लागले. सांगणं एवढंच: आमिष मुळांच्या अगदी कडेला टाका, दोन झटके द्या, थांबा, परत दोन झटके. आमिष म्हणजे बोटाएवढी लाकडी मासळी, पोटाखाली दोन गळ, गळांचे काटे पकडीने चेपून सपाट केलेले. काटा चेपला की मासा सोडवताना तोंड फाटत नाही आणि आपल्या बोटात घुसला तरी सरळ निघतो. नवख्यांनी हे आग्रहाने मागून घ्यावं.

पहिला तास काहीच नाही. माझं आमिष झाडात अडकत होतं, मामांचं पाण्यात आखूड पडत होतं. तांडेल एकदाही वैतागले नाहीत. प्रत्येक वेळी बोट नेऊन आमिष सोडवून आणत होते. भरती संपत आली तसा त्यांनी एका वाकलेल्या झाडाकडे हात केला. मामांनी टाकलं. आमिष मुळाला टेकून पडलं, पहिला झटका दिला आणि पाणी फुटलं. रॉड वाकून टोक पाण्याला लागलं. मामांनी सवयीने रॉड सोडून दोरा हातात धरायला हात पुढे केला तेव्हा तांडेल ओरडले, "दोरो धरू नकात! रॉड वर! रॉड वर धरा!" हा दोरा वेणीचा, बारीक आणि ताठ असतो, बोटं कापतो. मामांनी दोन्ही हातांनी रॉड छातीशी घेतला. रीळ करकरत होतं. "आरं, ह्यो तर वडलालाय की!" असं ते दोन-तीनदा म्हणाले.

तांबोशी होती. मुळांतून बाहेर आल्यावर दमली आणि बोटीशेजारी आडवी झाली. तांडेलांनी जाळीत घेतली, पण जाळी पाण्यातच ठेवली. पाठ विटकरी तांबडी, पोटाकडे फिकट होत गेलेली. प्रत्येक खवल्याच्या मध्यावर रंग गडद आणि कडेला उजळ. वरच्या जबड्यात पुढे दोन सुळे, कुत्र्याचे असतात तसे. आमिषाच्या रंगावर त्यांचे ओरखडे उमटले होते. दीडेक किलोची असेल. तांडेलांनी मामांचे हात आधी खाडीत भिजवायला लावले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे रोग धरतो. मग एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या मुळाशी, तोंड प्रवाहाकडे. मामांनी तिला तशीच धरून ठेवली. कल्ले दोन-चारदा उघडले-मिटले आणि तिने शेपटीचा असा फटका दिला की मामांच्या चष्म्यावर पाणी उडालं. गेली. मामा बराच वेळ हाताकडे बघत होते. म्हणाले, "धा वर्सं मी काठावर गेलो नाही. उगंच गेलो नाही."

त्यानंतर ओहोटी लागली आणि पाणी मुळांतून बाहेर वाहू लागलं. तो तासभर सगळ्यात चांगला. मला दोन लहान ट्रेव्हॅली मिळाल्या, आकाराच्या मानाने प्रचंड भांडखोर. एक गोब्रा आमिष घेऊन खडकाच्या कपारीत शिरला तो निघालाच नाही, दोरा तुटला. आमिष पाचशेचं, तुटलं तर भरून द्यायचं हे आधी ठरलेलं होतं. मामांना आणखी एक तांबोशी, लहानशी. सगळे सोडले. साडेअकराला परत.

रविवारी खाडीच्या मुखातून थोडं बाहेर जायचं होतं. मुखाशी वाळूचा उथळ पट्टा आहे, तिथे लाटा फुटतात. तांडेलांनी तीन-चार लाटा मोजून मगच बोट काढली. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचं. त्या बाजूला मी नेतच नाही, असं त्यांनी आदल्या रात्रीच सांगितलं होतं. असं स्वतःहून सांगणारा माणूस बघून बोट करावी. बाहेर मोठाली डोलणारी लाट होती. मळमळीची गोळी आदल्या रात्री आणि सकाळी घेऊनही मामांना अर्ध्या तासात गरगरायला लागलं. मी काही बोलायच्या आत बोट वळली. पैसे वाया गेले असं मला वाटलं नाही, कारण उरलेले तीन तास परत खाडीतच मिळाले.

तिथेच, पाणी चढत असताना, मला चोणक लागला. जिताड्याची एक गोष्ट मला तांडेलांकडून कळली आणि नंतर वाचून खात्री केली: हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे मोठा जिताडा मारला की अंडी घालणारी मादी गेली. तांडेलांचा नियम सरळ आहे. हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत मावेल एवढा ठेवायचा, त्याहून मोठा पाण्यात. माझा मावत होता, ठेवला. त्याच्या गालफडाची कड पात्यासारखी असते, तिथे हात लावायचा नाही, पकडीनेच गळ काढायचा. दुपारी निवासाच्या ताईंनी ओलं खोबरं आणि तिरफळ घालून कालवण केलं. मामांनी द्वादशीचं पारणं त्यावरच सोडलं. ताईंनी "खयसून इलात?" विचारलं होतं, लातूर ऐकल्यावर दुसऱ्यांदा वाढायला आल्या त्या पातेलंच घेऊन.

तयारीचं सामान सोडून, जाण्यायेण्यासह दोघांचा खर्च एकवीस हजारांच्या आसपास गेला. त्यातले तेरा हजार बोटीचे. चौघे मिळून गेलात तर माणशी बराच कमी येईल, पण रॉड फेकायला चौघांहून जास्त माणसं त्या बोटीत नकोतच.

रविवारी रात्रीची कोल्हापूर-लातूर गाडी उशिरा लागली. सोमवारी बसस्थानकावरून थेट केंद्रावर गेलो, बैठकीला हजेरी लावली. घरी आल्यावर पहिलं काम रॉड आणि रीळ धुण्याचं: गोड्या पाण्याची हलकी धार, जोराचा फवारा नाही, नाहीतर मीठ आत जातं. मग सावलीत वाळवून एखादा थेंब तेल.

पुढच्या हंगामाचं सांगायचं तर, पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते आणि पर्यटकांच्या बोटीही पावसाळ्यात बंद असतात. खाडीचं पाणी निवळायला दसरा-दिवाळी उजाडते. दिवाळीच्या सुट्टीत मात्र देवबागला खोल्या मिळत नाहीत, भावही दुप्पट. तुळशीच्या लग्नानंतरची एखादी दशमी ते द्वादशी शनिवार-रविवारी येते का बघा आणि तांडेलांना महिनाभर आधी फोन करा. मामांनी येत्या वर्षाच्या अशा तारखांवर पेनने खुणा करून ठेवल्यात.